झाकणभर

सोनदरीचे ग्रामसेवक शिवशंकर भाऊसाहेब यांचं अक्षर अगदी मोत्यासारखं, आणि त्या अक्षरात त्यांनी आयुष्यभर सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द कोणता, तर निरंक. गावात बालविवाह किती? निरंक. हातभट्ट्या किती? निरंक. शाळा सोडलेली लेकरं? निरंक. वरून तक्ता आला की भाऊसाहेब पान एका गालातून दुसऱ्या गालात सारायचे, चष्मा पुसायचे आणि रकान्यात वरपासून खालपर्यंत निरंक, निरंक, निरंक असं लिहून मोकळे व्हायचे. बरं, माणूस वाईट नव्हता. आकडा लिहिला की त्याच्या मागं चौकशी येते, चौकशीच्या मागं साहेब येतो आणि साहेबाच्या मागं कोंबडं कापावं लागतं, एवढंच त्यांना नोकरीनं शिकवलं होतं.

बायडाबाईला मात्र हा शब्द फार आवडायचा. ती शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची, आणि बचत गटाची अध्यक्ष म्हणून गावच्या बाल संरक्षण समितीत तिचं नाव घातलेलं होतं. कसली समिती अन् काय तिचं काम, देव जाणे. पण सही घ्यायला भाऊसाहेब स्वतः शाळेच्या चुलीपाशी येतात, याचं तिला कोण कौतुक. अक्षरओळख तिला बेताचीच. सही तेवढी चाळिशीत घटवून घटवून शिकलेली. फेब्रुवारीत असाच एक तक्ता आला. तिनं हात पदराला पुसले आणि विचारलं, ह्ये काय लिवलंय? भाऊसाहेब म्हणाले, निरंक. बायडाबाईला आपलं वाटत आलेलं, निरंक म्हणजे निर्मळ. निर्मळ, नितळ, निष्पाप, त्याच भावकीतला शब्द. गावची लेकरं निर्मळ हायेत असं सरकारी कागदावर लिहिलंय म्हटल्यावर कोणती आई सही करणार नाही? तिनं काना-मात्रा-वेलांटीसकट ठसठशीत सही ठोकली आणि खिचडी ढवळायला घेतली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पंचशीला एक पत्र घेऊन तिच्या चुलीपाशी आली. पंचशीला गावातलीच, भीमनगरातली. बीडला राहून समाजकार्य शिकली आणि नोकरीला पुण्या-मुंबईला जायचं सोडून परत सोनदरीत आली, म्हणून निम्मं गाव तिला खुळी समजायचं. जिल्ह्याच्या एका योजनेतून निधी आणून तिनं दीड वर्षापूर्वी भीमनगरच्या समाजमंदिरात सांजशाळा सुरू केली होती. नावाला शाळा, होतं काय, तर व्हॉलीबॉलची जाळी, दोन कॅरम, अभ्यासाला लख्ख उजेड आणि वाटीभर मटकीची उसळ. शिवाय दर गुरुवारी दार लावून पोरांशी बोलणं. वेळ सहा ते नऊ. दिवाळी झाली की सोनदरीतली निम्मी घरं ऊसतोडीला जातात, ती चैत्रातच परततात. मागं म्हातारी माणसं आणि तेरा-चौदा-पंधरा वर्षांची पोरं. पंचशीलाचं म्हणणं असं की पोराला आधी बाटली धरत नाही, रिकामी सांज धरते. आणि बघा, बावीस पोरं रोज सांजेला तिथं जमायची. आधी भीमनगरात पोरं धाडायची कशी म्हणून कुरकुरणाऱ्या आयासुद्धा उसळीची चव विचारायला लागल्या होत्या.

त्या बावीसांत एक बायडाबाईचा हनुमान.

पंचशीलानं पत्र वाचून दाखवलं. सदर गावातील अहवाल निरंक असल्यामुळे कार्यक्रमाची आवश्यकता उरलेली नाही, सबब पुढील वर्षाचा निधी देय नाही. बायडाबाईला ‘सबब’ कळलं नाही, ‘देय’ही कळलं नाही, पण ‘नाही’ बरोबर कळलं. आणि निरंकच्या पुढं नाही कसं काय आलं, हे कोडं पडलं.

“निरंक म्हंजी चांगलंच की गं पोरी?”

“निरंक म्हंजी शून्य, मावशी. गावात एक बी लेकरू दारू पीत न्हाई, असं आपणच लिवून दिलंय.”

“कुणी दिलं लिवून?”

 पंचशीलानं पत्रामागं जोडलेलं तक्त्याचं पान उलटून दाखवलं. सरपंचांच्या सहीखाली, भाऊसाहेबांच्या मोत्याच्या अक्षराखाली बायडाबाईची सही होती, काना-मात्रा-वेलांटीसकट.

बायडाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. खिचडी तळाला लागली, धूर झाला, पोरं ताटल्या बडवायला लागली, तरी ती कागदाकडं बघतच राहिली. हाताला काय रोग आलता गं तुझ्या, असं ती स्वतःलाच म्हणाली. भाऊसाहेबांचा राग यायला हवा होता, तो आलाच. पण त्याच्या आधी स्वतःचा आला. कारण सोनदरीत लेकरं दारू पितात की नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

हनुमान अकरा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. त्या एका साली खिचडीचं काम दुसरीवर सोपवून नवराबायको त्याला घेऊन ऊसतोडीला गेली होती. घाटाखालचा कुठला तरी कारखाना, नदीकाठचा ऊस, राहायला पाचटाची झोपडी, म्हणजे कोपी, आणि थंडी अशी की दात वाजायचे. पहाटे तीनला उसाच्या फडात जायचं. लेकरू कोपीत एकटं पडायचं, खोकायचं, रडत मागं यायचं. शेजारच्या कोपीतली बाई म्हणाली, झाकणभर पाज, निजंल गुमान. सगळ्याच कोप्यांत पाजत होत्या. त्याला कुणी दारू म्हणत नव्हतं, औषध म्हणायचे. बायडाबाईनं बाटलीचं झाकण भरलं, वर गुळाचा खडा दिला. लेकरू निजलं. ती निवांत ऊस तोडायला गेली, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तिला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा झाकणभर. पाडव्यापर्यंत रोज. तिसऱ्या वर्षी त्याला मागायची गरज उरली नाही, त्याचं त्याला मिळायला लागलं. हळदीच्या दिवशी डीजेपुढं नाचणाऱ्या पोरांना लग्नघरची माणसं दारूची चपटी देतात, ही तर आता रीतच झालीय. गेल्या श्रावणात हनुमान गावच्या तोंडाशी असलेल्या कमानीखाली उलटीत लोळताना सापडला. चौदा वर्षांचं पोर. पंचशीलानं आणि बायडाबाईनं दोघींनी मिळून त्याला उचलून घरी आणलं. तेव्हापासून आठ महिने त्यानं थेंब घेतला नव्हता. रोज सहाला सांजशाळेत जायचा, नऊला परत यायचा आणि भाकरी मागायचा. भूक लागलेलं लेकरू बघून बायडाबाईला देव दिसायचा.

सांजशाळा बंद झाली तर सहा ते नऊ हनुमान कुठं असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पंचशीलानं बीडला योजनेच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या बाई चांगल्या निघाल्या. म्हणाल्या, दहा मेच्या आत ग्रामसभेच्या ठरावासह सुधारलेला अहवाल आला तर बघू. पण आकडा हवा. निरंकवर निधी कसा देणार, तुम्हीच सांगा. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

बायडाबाई तशीच सरपंचांकडं गेली. विजयसिंह सरपंच म्हणजे गोड माणूस. नाही म्हणायचं असलं की आधी चहा सांगायचे. त्यांनी चहा सांगितला तेव्हाच बायडाबाईनं ओळखलं. त्यांच्या अडचणी दोन. पहिली कमान. रस्त्यावर गावच्या तोंडाशी त्यांनी हौसेनं कमान बांधून घेतली होती आणि वर रंगवून घेतलं होतं, ‘व्यसनमुक्त ग्राम सोनदरी आपले सहर्ष स्वागत करीत आहे’. उद्या ग्रामसभेनंच ठराव केला की आमची लेकरं पितात, तर त्या कमानीचं काय करायचं? तिच्या दोन्ही खांबांमागं रिकाम्या बाटल्यांचा खच पडलेला असतो, हे बायडाबाईनं त्यांना सांगितलं. त्यावर ते हसले आणि म्हणाले, मागं कोण बघतंय?

दुसरी अडचण मोठी होती, आणि ती खरीही होती. गावात तिशीला टेकलेली पोरं बिनलग्नाची बसून होती. ऊसतोड्याच्या घरात पोरगी द्यायला कुणी तयार नाही. त्यात गावाचं असं नाव झालं, तर नांदूरघाटाच्या बाजारात सुद्धा सोनदरीच्या माणसाला कुणी रामराम घालणार नाही.

“झाकली मूठ सव्वा लाखाची, बायडाबाई,” सरपंच म्हणाले. “तुमच्या पोराची काळजी मी करतो. बीडला वसतिगृहात घालतो. खर्च माझा. तुमी फक्त गप बसा.”

खोटं कशाला बोलायचं, बायडाबाई डळमळली. दोन दिवस ती मनात हिशेब मांडत राहिली. पोराचं बीडला शिक्षण, जेवण, अंथरूण, सगळं फुकट. कोणती आई लाथाडील? तिसऱ्या दिवशी खिचडी वाढताना तिनं सहज मोजलं. सांजशाळेची नऊ पोरं त्या पंगतीत होती, थोरली हायस्कुलात. हिच्या हातची खिचडी खाऊनच सगळी वाढलेली. सही तिनं एका हनुमानावर केली नव्हती, बावीसांवर केली होती. मग खोडायची ती बावीसांसाठीच. तिनं सरपंचांना निरोप धाडला, वसतिगृह नको, ग्रामसभेत विषय घ्या.

मग ती घरोघरी फिरली. ऊसतोडीची माणसं नुकतीच परतली होती. बायका पाय शेकत, गोधड्या धूत बसलेल्या. बायडाबाई म्हणायची, ग्रामसभेला या आणि आपली लेकरं पितात एवढं सांगा. तर प्रत्येकीचं उत्तर तेच. आमचा नाही बाई पीत. शेजारणीचा पितो, तो अमक्याचा तर लई पितो, पण आमचा? छे. एक तर सरळच म्हणाली, तुझा बिघडला म्हणून आमच्या लेकरांना कावून डाग लावतीस? घरोघरी मातीच्या चुली, पण धूर म्हणे एकट्या बायडाबाईच्याच घरातून निघतो. ती त्यांच्यावर चिडली, मनातल्या मनात एकेकीचा उद्धार केला, आणि मग तिला आठवलं की दोन महिन्यांपूर्वी ती स्वतःच निरंकवर सही करून बसली होती. तेव्हा बोलणार कुणाला?

या सगळ्याची कुणकुण हनुमानाला लागलीच. तो ताटावरून उठला.

“माय, तू सभेत माजं नाव घेतलंस तर मी सांजशाळेत बी जाणार न्हाई आन् घरात बी ऱ्हाणार न्हाई. दहावीला हाय मी आता. पोरं काय म्हणतील?”

बायडाबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. नाव घेणार नाही. आणि शपथ घेतल्यावर तिच्या ध्यानात आलं की आता आपल्या हातात काहीच राहिलं नाही.

एक मेला झेंडावंदन झालं आणि ग्रामपंचायतीपुढच्या लिंबाखाली ग्रामसभा भरली. सकाळचे साडेनऊ, तरी ऊन चटके देत होतं. पुढं खुर्च्यांवर सरपंच, भाऊसाहेब आणि सदस्य. एका खुर्चीत सरपंचांची आई केशरबाई. ऐंशीच्या घरातली म्हातारी, ग्रामसभेचा चहा आणि भजी तिनं आजवर चुकवलेली नव्हती. पुरुष सतरंजीवर, बाया एका कडेला. सांजशाळेची पोरं लांब पाण्याच्या टाकीपाशी घोळका करून उभी होती, त्यांत हनुमान पाठ करून. बायडाबाईचा नवरा रामकिसन अगदी मागं बसला होता. हा माणूस दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर बायडाबाई त्याचा ताप बघायची.

नळयोजना झाली, घरकुलाची यादी झाली, यादीवरून रीतसर भांडण झालं. मग सरपंचांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, एक बारकासा विषय आहे, लगेच आटपू. पंचशीला उठली. तिनं पत्र वाचलं, योजना सांगितली आणि म्हणाली की कुणाच्या लेकराचं नाव लिहायचं नाही, तक्त्यात फक्त संख्या लागते. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत सतरंजीवरून सुंदरराव उठले. सुंदरराव गावातले मोठे शेतकरी, धाकट्या पोरीचं लग्न नुकतंच धुमधडाक्यात लावलेले. म्हणाले, हिचं मानधन बंद होतंय म्हणून ही आमच्या लेकरांना दारुडं ठरवायला निघालीय. चार-पाच जण हसले. पंचशीलाचा चेहरा उतरला. तिनं पत्राची घडी घातली, पण ती बसली मात्र नाही.

भाऊसाहेबांनी फेब्रुवारीचा तक्ता पुढं ओढला आणि पेनाचं झाकण काढलं.

“मग काय लिहू? संख्या सांगा. कशाच्या आधारावर सांगता तेबी सांगा, उद्या चौकशी आली तर मला उत्तर द्यावं लागतं. कुणीच सांगत नसंल, तर आहे तेच कायम. निरंक.”

तो शब्द ऐकला आणि बायडाबाईचं डोकं फिरलं. ती उठली.

“थांबा भाऊसाहेब. लेकराचं नाव मी सांगणार न्हाई, मी शपथ घेतलीय. पर देणाराचं नाव सांगते, त्याची काय मी शपथ घेतली न्हाई. लिवा. बायडाबाई रामकिसन. मपल्या हातानं, मपल्या पोटच्या लेकराला, अकरा वर्साचं असताना, कोपीत. झाकणभर. वर गूळ दिला.”

बाया पदराआडून एकमेकींकडं बघायला लागल्या, आणि ज्या तोडीला जाऊन आल्या होत्या त्यांनी लगेच नजरा खाली घातल्या. टाकीपाशी हनुमानाची पाठ तशीच होती, फक्त मान वाकली होती. बायडाबाईनं ते बघितलं, पण आता थांबता येत नव्हतं. ती म्हणाली की लेकरं आईच्या पोटातून बाटली घेऊन येत नाहीत. कुणीतरी पहिलं झाकण दिलं म्हणून ती पितात. कुणी थंडीला दिलं, कुणी हळदीत नाचायला दिलं, कुणी मतदानाच्या आदल्या दिवशी चिठ्ठ्या वाटायला दिलं. लेकरांची यादी करायची लाज वाटते ना, मग आपली करू.

“असा रकाना न्हाई हो तक्त्यात,” भाऊसाहेब म्हणाले. खरोखर काकुळतीला येऊन म्हणाले.

“न्हाई तर आखा.”

ते आखेनात, तेव्हा तिनंच त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि निरंकच्या शेजारी उभी रेघ ओढली. पट्टी नव्हती, रेघ वाकडी गेली. तिथं तिनं सावकाश आपली सही केली. फेब्रुवारीतली सही तिला आठवत होती. हीसुद्धा तशीच केली, एकही वेलांटी न गाळता.

सरपंचांनी समजुतीचा सूर लावला. म्हणाले, बायडाबाई, हे आपल्या घरातलं घरात बघू, आपलेच दात अन् आपलेच ओठ. तेवढ्यात मागं कुणीतरी खाकरलं. रामकिसन उभा राहिला होता. बायडाबाईला वाटलं, आता हा आपल्याला खाली बसायला सांगणार.

“झाकण हिचं,” रामकिसन म्हणाला. “बाटली मपली व्हती. माजं बी लिवा.”

एवढं बोलून तो खाली बसला, आणि धोतराचा सोगा तोंडाला लावून त्यानं मान खाली घातली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण बायडाबाईला नवऱ्याचा असा अभिमान कधी वाटला नव्हता. तिनं कागदावर आपल्याखाली बोट ठेवून भाऊसाहेबांना जागा दाखवली, आणि भाऊसाहेबांनी मुकाट्यानं लिहिलं.

मग जे झालं ते सगळं काही गोड झालं नाही. दोन बाया उठून तावातावानं घरी गेल्या. जाताना एकीनं जमिनीवर थुंकून घेतलं. सुंदरराव म्हणाले, हा नवराबायकोचा तमाशा आहे. बायडाबाई त्यांना म्हणाली की तुमच्या पोरीच्या हळदीला डीजेपुढं चपट्यांचा खोका कुणी फोडला होता, ते ह्या लिंबालाबी ठाऊक हाय. सुंदररावांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की ते चहा न पिताच निघाले. बाकी बरीच माणसं नुसती बसून राहिली. होय म्हणेनात, नाही म्हणेनात. गाव असंच असतं.

आणि अशात केशरबाईनं भजं खाली ठेवलं. तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळं ती सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलायची. शेजारणीला तिनं विचारून घेतलं की कशाची यादी चाललीय, आणि कळल्यावर म्हणाली, “मग मपलं बी घाला की. ह्या विजयसिंगाला सर्दी लई व्हायची. देशी दिली मी, मोसंबीची. गुटगुटीत व्हता.”

या वेळी हसली ती सगळी सभाच. बायांच्या बाजूला तर पदर तोंडात कोंबायची वेळ आली. सरपंच लाल झाले. आईला ‘गप’ म्हणता येईना आणि कमानीकडं बघवेना. मग गोड माणूस कडू झाला.

“पुरे झाली थट्टा. पाजणाऱ्यांची शंभर नावं लिहा, सरकारला त्याच्याशी काय करायचंय? तक्ता पिणाऱ्या लेकरांचा आहे. त्या रकान्यात आकडा काय? भाऊसाहेब, नियम सांगा.”

भाऊसाहेबांनी नियम सांगितला. मूळ रकान्यात आकडा लागतो. लेकरू एक असलं तरी चालतं. एक असलं तरी निरंक म्हणता येत नाही. कागदावर नाव नको, पण आधाराला ते एक लेकरू कोण, एवढं कुणीतरी सभेत सांगावं लागतं, नाही तर ही वाकडी रेघ आणि ह्या सह्या सगळ्या वाया.

सगळे बायडाबाईकडं बघायला लागले. तिच्या जिभेवर नाव होतं. पंधरा वर्षं रोज हाका मारलेलं नाव. ते घेतलं तर सांजशाळा वाचत होती आणि लेकरू जात होतं. गिळलं तर लेकरू राहत होतं आणि सांजशाळा जात होती, म्हणजे पुन्हा लेकरूच जात होतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण तिनं तोंड उघडलं नाही. लेकराला एकदा फसवून पाजलं होतं, दुसऱ्यांदा फसवणार नव्हती. भाऊसाहेबांनी तिच्याकडं बघितलं, सरपंचांकडं बघितलं आणि हळूच पेनाचं झाकण उचललं.

“एक लिवा.”

आवाज टाकीकडून आला. नुकताच फुटलेला आवाज, निम्मा जाड आणि निम्मा चिरका. हनुमान सतरंजीच्या कडेनं चालत पुढं आला. पायांत चप्पल नव्हती, घोळक्यात कुठं निसटली होती कुणास ठाऊक. तो आईकडं न बघता थेट टेबलाशी गेला.

“पोरांचं इथं काय काम?” सरपंच म्हणाले. “ग्रामसभा अठराच्या वरच्यांची असती. जा, खेळा तिकडं.”

“सभा वरच्यांची हाय,” हनुमान म्हणाला. “पर तक्ता अठराच्या खालच्यांचा हाय ना? मग आमाला कावून इचारलं न्हाई कुणी?”

सरपंचांनी भाऊसाहेबांकडं बघितलं, भाऊसाहेबांनी तक्त्याकडं. हनुमानानं बोट ठेवलं ते बरोबर त्या मोत्याच्या अक्षरांवर. म्हणाला, आठ महिन्यांपूर्वीपर्यंत मी प्यायचो, आता पीत नाही, आणि सांजच्याला कुठं जायचं ते राहिलं नाही तर पुन्हा पिईन, मला माझी खात्री नाही. हेही लिहा. रकाना नसेल तर माय आखून देईल.

बायडाबाईला त्याला कवटाळावं वाटलं. पण चारचौघांत कवटाळलं तर हे पोर लाजून पळून जाईल, हे तिला कळत होतं. ती नुसती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, त्याच्या खांद्याला आपला खांदा लावून. तेव्हा तिला पहिल्यांदाच दिसलं की पोर आपल्यापेक्षा उंच झालंय.

शिवशंकर भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. सरपंचांकडं एकदा बघितलं, आणि दुसऱ्यांदा बघायचं टाळलं. मग सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. निरंकवर आडवी रेघ मारली आणि वर, त्याच मोत्याच्या अक्षरात, एक लिहिला. लिहून झाल्यावर ते सवयीनं पेन बंद करायला लागले.

बायडाबाईनं मागं वळून बघितलं. टाकीपाशी कुणीच उरलं नव्हतं. पोरं सतरंजीच्या कडेनं एकामागं एक येऊन उभी राहिली होती, मान खाली घालून, एकमेकांना कोपरानं ढोसत. रांगेतलं तिसरं पोर तर सुंदररावांचा नातू होता.

“झाकण लावू नका, भाऊसाहेब,” बायडाबाई म्हणाली. “मागं अजून लेकरं उभी हायेत.”